पाटकरी कोणाचा?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठाने फिरलं की नदीत अधूनमधून जुने दगडी बंधारे दिसतात. उंची अगदी बेताची. पाणी साठवायचं नव्हतंच, नुसतं वळवायचं होतं. बंधाऱ्याच्या कडेने पाट निघतो, पाटातून चाऱ्या, म्हणजे शेतांकडे जाणारे लहान पाट, फुटतात. पाटाखालच्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात आणि थळाचे जे तीन-चार भाग पाडलेले असतात ते फड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही फड पद्धत निदान तीनशे वर्षं चालत आली, असं मानलं जातं.

तिची खरी गंमत पिकात होती. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात भुसार. पुढच्या साली अदलाबदल. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे ऊस एकट्यादुकट्याच्या वाट्याला जात नसे. नदीला पाणी कमी असलं की पंच एखादा फड पडीक टाकायला सांगत, आणि ती झळही सगळ्यांना सारखीच बसे. पाणी फिरवायला पाटकरी, पिकं राखायला जागल्या. दोघांना गावाने नेमायचं आणि मोबदला पिकातून द्यायचा. मालकाने परस्पर दारं मोडायचं, म्हणजे चारीचं पाणी आपल्या शेतात वळवायचं, नाही. भाऊबंदकीच्या मुलखात हा नियम टिकला, याचं मला अजून नवल वाटतं.

इंग्रजांच्या काळात सिंचनाचा कारभार मोठा झाला. खडकवासला धरण आणि मुंबई पाटबंधारे कायदा, दोन्ही १८७९ चे. नंतर नीरेचा कालवा, दारणा धरण, १९२६ मध्ये भंडारदरा धरण. कालव्याचं पाणी सरकारचं झालं, पाटकरी सरकारी नोकर झाला आणि शेतकरी अर्जदार. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, शेजपाळीत, म्हणजे पाणी घेण्याच्या क्रमात, नाव लागतं का बघायचं, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडलेलं पाणी, येईल त्या रात्री बॅटरी-फावडं घेऊन चारीवर जागायचं. नियमाने पाणी टेलकडून (चारीच्या शेवटच्या टोकाकडून) हेडकडे (तोंडाकडे) भरत यायला हवं; टेलवाल्यांना विचारा, कसं येतं ते.

अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, तेव्हा त्यांचं पहिलं काम खानदेशातच, पांझरेवरच्या एका सायफनचं, म्हणजे पाणी नदीपार नेणाऱ्या नळाचं, होतं. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या ब्लॉकमध्ये उसाला ठरावीकच हिस्सा, बाकीच्या जमिनीत हंगामी पिकं, दरसाल फेरपालट. फडाशी तिचं साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे.

स्वातंत्र्यानंतर धरणांची रांग लागली. फडांच्या वरच्या अंगालाही धरणं झाली, त्यामुळे पांझरेचा बारमाही प्रवाह आटला. त्यातच घरोघर विहीर आणि विजेची मोटर आली. स्वतःचं पाणी हातात आल्यावर पंचांचं कोण ऐकणार? बरेच फड मोडले, काही ठिकाणी नुसतं नाव राहिलं.

आणि मग शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चक्र उलटं फिरायला लागलं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी टेलच्या ओझरपर्यंत धड पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०-९१ च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. करार सरळ होता: पाटबंधारे खात्याने पाणी घनमापाने मोजून चारीच्या तोंडाशी द्यायचं, आतलं वाटप, पाणीपट्टी वसुली आणि भांडणं संस्थेने बघायची. संस्थांची संख्या पुढे चोवीसवर गेली आणि अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांकडे आलं. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा राज्याचा कायदा झाला, तेव्हा वाघाडचा दाखला समोर होताच.

या कायद्यात संस्थेला पाण्याचा कोटा मिळतो आणि कोट्यात बसेल ते पीक घ्यायला सभासद मोकळा असतो. पाटकरी पुन्हा शेतकऱ्यांनी नेमलेला, त्यांच्याच पैशातून पगार घेणारा झाला. उसाला नाही म्हणायचा फडाच्या पंचांचा अधिकार मात्र संस्थेच्या संचालकांकडे आलेला नाही.