घरच्या बिअरची निधी-पार्टी: अमेरिकेतली पात्रता, परवाने आणि कागदपत्रं

घरी बनवलेली बिअर शेजाऱ्यांना पाजून एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायचा असेल, तर आधी एवढं ठरवा: पैसे कोण घेणार आणि कशाबद्दल? अर्ज लागेल की नाही आणि तो कुणाच्या नावाने करायचा, हे त्यावरच ठरतं. हा विचार बिअर बाटल्यांत भरून झाल्यावर केला, तर उशीर झालेला असतो.

बिअर कोण बनवू शकतं

१९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती वापराच्या बिअरवरचा संघीय कर गेला. त्यासाठी संघीय नोंदणी किंवा अर्ज नाही. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन ही मर्यादा. एक बॅच पाच गॅलनची धरली तर २० किंवा ४० बॅच होतात, म्हणजे प्रमाणाची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती 'विक्रीसाठी नाही' या अटीची.

चाखण्याच्या कार्यक्रमासाठी किंवा स्पर्धेसाठी बिअर घराबाहेर न्यायला संघीय नियमांची हरकत नाही. राज्याचा कायदा मात्र वेगळा असू शकतो. अलाबामा आणि मिसिसिपीत तर घरी बिअर बनवणंच २०१३ पर्यंत बेकायदा होतं. आपल्या राज्याच्या कायद्यात तीन गोष्टी शोधा: बिअर घराबाहेर नेता येते का, कुटुंबाबाहेरच्यांना देता येते का, आणि संस्थेला दान करता येते का. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनने राज्यवार कायदे एकत्र दिले आहेत, सुरुवात तिथून करा. अंतिम उत्तर मात्र राज्याच्या मद्य नियंत्रण विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या.

पैशाचा मार्ग

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वीस डॉलरचं तिकीट आणि बिअर 'फुकट' असं केलं तर कायद्याच्या नजरेत ती विक्रीच ठरू शकते. 'ऐच्छिक देणगी' म्हणून दारात डबा ठेवला आणि पैसे टाकल्याशिवाय ग्लास दिला नाही, तरी तेच.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे खाजगी घर, निमंत्रित पाहुणे, आणि पैसे देणाऱ्याला व न देणाऱ्याला सारखीच बिअर. देणगीचा क्यूआर कोड बिअर देण्याच्या जागेपासून दूर लावा आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. स्वतःच्या खात्यावर गोळा करून नंतर पाठवू नका. अशाने पाहुण्यांना संस्थेची पावती मिळणं अवघड होतं.

तिकीट लावायचंच असेल, तर अर्जदार संस्था हवी, तुम्ही नव्हे. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात घरची बिअर ना-नफा संस्थेला दान देता येते आणि संस्था कार्यक्रमापुरता परवाना काढून ती आपल्या निधीसाठी विकू शकते. अशी मुभा सगळीकडे नाही.

रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसांची सोडत काढणं, ही जुगाराच्या नियमांत येते. युटामध्ये तिला बंदी आहे, इतर अनेक राज्यांत फक्त पात्र संस्थेलाच परवानगी मिळते.

कागदपत्रं

एका दिवसाच्या परवान्यासाठी साधारणपणे हे मागतात:

- संस्थेचं ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय संस्था) मान्यतेचं पत्र आणि ईआयएन (संस्थेचा करासाठीचा ओळख क्रमांक)
- जागामालकाचं लेखी संमतीपत्र
- बिअर कुठे दिली आणि प्यायली जाईल हे दाखवणारा नकाशा
- तारीख, वेळ, अंदाजे उपस्थिती, जबाबदार व्यक्तीचं नाव

अर्ज परत येण्याचं एक साधं कारण म्हणजे पत्रातलं आणि अर्जातलं संस्थेचं नाव जुळत नाही. प्रचलित नाव न लिहिता कायदेशीर नावच लिहा. रस्ता बंद करायचा किंवा बाग वापरायची तर शहराची परवानगी वेगळी, आणि तिथे मद्य चालतं का हे आधी विचारा. विमा कंपनीलाही कळवा: घराच्या पॉलिसीत पाहुण्यांना मद्य देण्याची जबाबदारी धरलेली असली, तरी पैसे घेतल्यावर ती लागू राहीलच असं नाही.

बिअरचं वेळापत्रक

अर्ज आणि बिअर दोन्हींसाठी आठ आठवडे हाताशी ठेवा. साध्या एल प्रकारच्या बिअरला आंबायला दोन आठवडे आणि बाटलीत फेस धरायला २० अंश सेल्सियसच्या आसपास आणखी दोन आठवडे लागतात. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजणाऱ्या साधनाचं) माप सलग तीन दिवस तेच आलं, तरच बाटल्या भरा. आंबणं अर्धवट असेल तर दाब वाढून काच फुटते. बाटलीत फेस धरण्यासाठी पाच गॅलनला साधारण ११५ ते १४० ग्रॅम कॉर्न शुगर पुरते.

चार औंसाच्या ग्लासांनी पाच गॅलनमधून १६० घोट-ग्लास निघतात, सांडलेलं आणि तळाचा गाळ वजा जाता दीडशेच्या आत. प्रत्येक बिअरपाशी तिचा प्रकार, मद्यार्काचं प्रमाण, आणि गहू, लॅक्टोज, शेंगदाणे यांतलं काही असल्यास ते लिहा. प्रमाण काढण्यासाठी सुरुवातीच्या आणि शेवटच्या घनतेतला फरक १३१.२५ ने गुणा: १.०५० वरून १.०१० वर आली तर ५.२५ टक्के.

दारातच ओळखपत्र तपासून मनगटपट्टी बांधा. भारतातून आलेल्या आईवडिलांना पासपोर्ट सोबत ठेवायला आधीच सांगा.

पावत्या

२५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला करसवलतीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेऊन बदल्यात जेवण वगैरे दिलं असेल, तर त्याची अंदाजे किंमत संस्थेने लेखी कळवायची. सवलत उरलेल्या रकमेवरच मिळते. रॅफलच्या तिकिटाला सवलत नाही, हे तिकीट देतानाच सांगा.