पैलवानाचे कान आणि कोबीवरची अळी

शिरोळ-हातकणंगल्याकडं कोबी-फ्लॉवर करणाऱ्याला विचारा, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आटोक्यात का येत नाही? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘अळीला औषधाची सवय झालीय.’ पण ज्या अळीवर औषध लागू पडतं, ती सवय व्हायला जगतेच कुठं?

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे जिवानं आपल्या हयातीत परिस्थितीशी जुळवून घेणं. दुसरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड होत जाऊन अख्ख्या जातीची घडण बदलणं, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं अनुकूलन. पहिल्यात एकेकाचं शरीर बदलतं. दुसऱ्यात कुणा एकाचं काहीच बदलत नाही, फक्त कोण उरलं आणि कुणाची पोरं वाढली याचा हिशोब बदलतो.

पहिली गोष्ट पाहायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. तालमीत जोर-बैठका मारून मांड्या भरतात, मान जाड होते. मातीत डोकं घासून कान मोडतात: आत रक्त साकळतं आणि कान कडक, गाठाळ होतो. पण त्याच पैलवानाचं पोरगं जन्मतं ते साध्या, मऊ कानांचं. त्याची हाडं दणकट असली, तर ती बापाच्या जन्मजात हाडापेरामुळं, त्यानं केलेल्या मेहनतीमुळं नव्हे.

फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कनं १८०९ मध्ये मांडलं होतं की वापरानं कमावलेलं पुढच्या पिढीत उतरतं. पुढं वाइजमान या जर्मन शास्त्रज्ञानं पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. नऊशेवर पिल्लं झाली, सगळी शेपटीवाली. लामार्कच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की तो वापराबद्दल बोलत होता, छाटाछाटीबद्दल नाही. तरी त्याचं म्हणणं टिकलं नाही.

दोन्ही गोष्टी एकाच अडचणीवर कशा वेगवेगळ्या चालतात, हे उंचीवर स्वच्छ दिसतं. आपल्याकडचं पोरगं फौजेत जातं आणि लेहला, साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ हवेत, पोचतं. सुरुवातीला डोकं दुखतं, दम लागतो. मग काही आठवड्यांत शरीर तांबड्या पेशी वाढवतं. सुट्टीवर घरी आलं की त्या हळूहळू पूर्ववत होतात. तिबेटी माणसाच्या रक्तात मात्र तेवढ्या उंचीला अपेक्षित वाढ दिसतच नाही. २०१० मध्ये कळलं की तिथं ईपीएएस-१ या जनुकाचा वेगळा प्रकार बहुसंख्य लोकांत आहे, आणि तो तांबड्या पेशी फार वाढवून रक्त दाट होऊ देत नाही. दाट रक्त वर्षानुवर्षं वागवणं धोक्याचं, म्हणून आपल्या फौजीचा तात्पुरता उपाय तिबेटी पिढ्यांना परवडला नसता.

आता कोबीकडं परत. अळ्यांत काही थोड्या अशा असतात, ज्यांच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) विष जरा लवकर मोडतात. हा गुण त्यांच्यात फवारणीच्या आधीपासूनच असतो. फवारा बसला की बाकीच्या मरतात, या उरतात आणि पतंग होऊन आपसात जुगतात. उष्ण हवेत पिढी साधारण तीन आठवड्यांत पुरी होते, त्यामुळं वर्षभरात निवडीला कितीतरी संधी मिळतात. जावामध्ये १९५३ सालीच हा पतंग डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनासा झाल्याची नोंद आहे. विदर्भातली गुलाबी बोंडअळी २०१७ मध्ये बीटी कपाशीत, म्हणजे अळीचं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीत, घुसली, तीही याच वाटेनं.

हे नीट कळलं की उपायही बदलतो. सवयच झाली असती, तर डोस वाढवणं हे उत्तर वाटलं असतं. पण इथं तेच औषध जास्त वेळा मारणं म्हणजे निवड आणखी कडक करणं. दुकानातून वेगळ्या नावाची बाटली आणून उपयोग नाही. आतला घटक त्याच गटातला, म्हणजे अळीला त्याच पद्धतीनं मारणारा, असेल तर चाळण तीच. वेगळ्या गटाचं औषध आलटून पालटून वापरायचं. बीटी कपाशीसोबत थोडी साधी कपाशी लावतात, ती यासाठीच: तिथं वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगावेत आणि त्यांचा वंश निखळ राहू नये.

दोन्हींमधली रेघ दरवेळी ठळक नसते. आपल्या गवताळ बांधांवर संध्याकाळी उडणारं कॉमन ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखरू घ्या. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. कोरड्या दिवसांत वाढलेलं फुलपाखरू वाळक्या पानासारखं निघतं. जनुकं तीच, वाढीच्या काळातल्या हवामानानं रूप पालटतं. म्हणजे हे जुळवून घेणं झालं. पण हवामान पाहून पालटण्याची ही क्षमता मात्र निवडीतूनच आलेली आहे. अळ्यांतही थोडं विष खाल्ल्यावर विकरं वाढवणाऱ्या असतात.

मग ओळखायचं कसं? शेतातल्या अळ्या आणून औषधाशिवाय वाढवायच्या आणि त्यांच्या पिल्लांवर तेच औषध वापरून पाहायचं. मेली, तर बहुधा आईबापांनी फक्त हयातीपुरतं भागवलं होतं. जगली, तर गुण वंशात उतरलाय, आणि कीटकनाशकाचा गट बदलायची वेळ झालीय.