15 इंची वूफर आणि 1000 हर्ट्झची सीमा : पार्श्वभूमी

टू-वे स्पीकरसाठी, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर दोन वेगळ्या भागांतून वाजवणाऱ्या स्पीकरसाठी, मोठा वूफर (खालच्या स्वरांचा भाग) निवडताना पहिला प्रश्न बहुधा खर्जाचा असतो : तो किती खाली जाईल आणि त्याला पेटी केवढी लागेल. या रचनेच्या इतिहासात मात्र खरा वाद वूफरच्या वरच्या टोकाशी झालेला आहे. वूफरच्या मोठ्या कोनने (हलणाऱ्या शंकूने) कोणत्या स्वरापर्यंत काम करायचे आणि हॉर्नने, म्हणजे वरच्या स्वरांच्या कर्ण्याने, ते कुठे उचलायचे, या विभागणीच्या निर्णयावर वूफरचा आकार, कोनचे वजन आणि हॉर्नच्या तोंडाची रुंदी या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

बोलपटांमुळे 1930च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या चित्रगृहांसाठी ही रचना आकाराला आली. त्याआधीच्या काही यंत्रणांमध्ये खालच्या स्वरांचा कर्णा इतका लांब असे की त्यातला आवाज वरच्या स्वरांच्या मागे पडे. पडद्यावरील टॅप नृत्याचे एकेक पाऊल दोनदा ऐकू येई, अशी आठवण त्या काळच्या तंत्रज्ञांनी सांगून ठेवली आहे. नव्या यंत्रणेत 15 इंची वूफर घडीच्या आखूड कर्ण्यात बसवले गेले आणि विभागणी 500 हर्ट्झ किंवा त्याहून खाली झाली, कारण त्याहून फार वरचे स्वर त्या घड्यांमधून धड बाहेर पडत नसत. पुढे याच घराण्यातील लहान पेट्या 500 आणि 800 हर्ट्झ अशा दोन्ही विभागण्यांसह विकल्या गेल्या.

घरगुती स्पीकरांचा प्रवास उलट्या दिशेने, म्हणजे लहान वूफर आणि लहान पेटीकडे, झाला. 1954 मध्ये बंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग वापरणारा 12 इंची वूफर आला आणि त्याने लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. 1958 च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्यावर प्रत्येक घराला एकाऐवजी दोन पेट्या लागू लागल्या आणि कपाटाएवढ्या पेटीला दिवाणखान्यात जागा उरली नाही.

येथे ‘इंच’ या शब्दाचा गोंधळ समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे. 15 इंची म्हणून विकला जाणारा वूफर टेबलावर ठेवून टेप लावली, तर लोखंडी चौकटीचा बाहेरचा व्यास 38 सेंटिमीटरहून थोडा अधिक भरतो. आवाज निर्माण करतो तो कोन, आणि त्याच्या भोवतीच्या लवचिक कडेपैकी साधारण निम्मा भाग. तेवढेच मोजले तर प्रभावी व्यास जेमतेम 33 ते 34 सेंटिमीटर भरतो. 12 इंचीचा तो 26 च्या आसपास आणि 8 इंचीचा 17 च्या आसपास असतो. 1970 च्या सुमारास गाजलेल्या एका अमेरिकन टू-वे स्पीकरात तर 10 इंची म्हणावा असा कोन 12 इंची चौकटीत बसवलेला होता. त्यामुळे जाहिरातीतल्या इंचांवरून दोन वूफरची तुलना करू नये. प्रभावी क्षेत्रफळ पाहावे.

हा व्यास इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर तरंगलांबीत आहे. 1000 हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे 34 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 15 इंची वूफरच्या प्रभावी व्यासाइतकी असते. सपाट पृष्ठभागात बसवलेल्या आदर्श चकतीचा व्यास आणि तरंगलांबी समान झाली की तिचा आवाज दोन्ही बाजूंना सुमारे 45 अंशांवर 6 डेसिबलने उतरतो; म्हणजे पसारा 90 अंशांचा राहतो. 2000 हर्ट्झवर तोच पसारा आक्रसून 40 अंशांवर येतो. ‘मोठा वूफर मधल्या स्वरांत बीम करतो (झोतासारखा अरुंद आवाज टाकतो), म्हणून टू-वेमध्ये घेऊ नये’ हा जुना आक्षेप येथून येतो. तो आक्षेप अर्धाच आहे. अडचण पसारा आक्रसण्याची नाही. वूफर 40 अंशांपर्यंत आक्रसल्यावर वरच्या स्वरांचा लहान ट्विटर अचानक 150 अंशांत पसरू लागतो, या उडीची आहे. समोर बसलेल्याला सपाट वाटणारा स्पीकर त्यामुळे भिंतींवर मात्र वेगळाच आवाज टाकतो, आणि खोलीत ऐकू येतो तो या दोन्हींचा मेळ.

1970च्या दशकात दोन गोष्टी जुळून आल्या. वूफर आणि पेटीचे गणित मांडणारे ऑस्ट्रेलियातील 1961 चे काम 1971 मध्ये अमेरिकेत पुन्हा छापले गेले, पाठोपाठ त्याचा विस्तार झाला आणि थील-स्मॉल घटक, म्हणजे कोणत्या वूफरला कशी पेटी लागेल हे काढण्याचे आकडे, सर्वांच्या हाती आले. दुसरीकडे, ठरावीक कोनातच आवाज पसरवणाऱ्या हॉर्नची रीत बसली. अशा हॉर्नचा ताबा कोणत्या स्वरापर्यंत राहील हे त्याच्या तोंडाच्या रुंदीवरून ठरते : 90 अंशांच्या हॉर्नला 1000 हर्ट्झसाठी सुमारे 28 सेंटिमीटर, तर 500 हर्ट्झसाठी 56 सेंटिमीटर रुंदी लागते. विभागणी एक सप्तक खाली नेली की हॉर्न दुप्पट रुंद होतो, शिवाय त्याच्या मागच्या ड्रायव्हरचा पडदा किमान दुप्पट हलतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओसाठी आलेल्या एका मॉनिटरने (ध्वनिमुद्रण पारखण्याच्या स्पीकरने) 15 इंची वूफर आणि 100 अंशांचा हॉर्न बरोबर 1000 हर्ट्झवर जोडले. ज्या जागी वूफरचा पसारा हॉर्नइतका होतो तीच विभागणीची जागा, हा विचार त्यात पूर्णत्वाला गेला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत समंजस निर्णय होता.

त्या निर्णयाच्याही मर्यादा होत्या. त्या वूफरच्या कोनच्या मुळाशी मुद्दाम वजनाची कडी बसवलेली होती, ज्यामुळे हलत्या भागाचे वजन सुमारे 155 ग्रॅम झाले. अनुनाद, म्हणजे कोनची नैसर्गिक कंपनसंख्या, 20 हर्ट्झपर्यंत उतरला, संवेदनशीलता (ठरावीक विजेवर मिळणारा आवाज) मात्र 93 डेसिबलवर थांबली. कोनची कडा फोमची होती आणि असा फोम दहा-पंधरा वर्षांत बोट लावताच भुकटी होऊन झडतो. शिवाय एवढा वूफर आणि हॉर्न यांच्या केंद्रांतील अंतर 1000 हर्ट्झच्या तरंगलांबीहून अधिक होते, त्यामुळे उभ्या दिशेत डोके वर-खाली केले की विभागणीजवळचे स्वर बदलतात. आडव्या दिशेत साधलेला मेळ उभ्या दिशेत तितका साधत नाही, आणि ऐकणाऱ्याला काही अंतर मागे बसावे लागते.

सबवूफर स्वस्त झाल्यावर आणि विभागणी डिजिटल प्रोसेसरमध्ये गेल्यावर निवडीची अट बदलली. 80 हर्ट्झखालचे काम दुसऱ्या पेटीकडे गेले की जड कोनची गरज संपते. 100 ग्रॅमच्या आतबाहेरचा कोन, कापडी कडा, 40 हर्ट्झच्या आसपासचा अनुनाद आणि 97 डेसिबलची संवेदनशीलता असलेला व्यावसायिक 15 इंची वूफर तेथे अधिक योग्य ठरतो. आपल्याकडे मिरवणुकीच्या आणि मंडपाच्या साउंडमध्ये ‘टॉप’ आणि ‘बेस’ अशी जी वाटणी बोलली जाते, ती हीच : 18 इंची वूफरचे बेस खाली, आणि वर 15 इंची वूफर व हॉर्न असलेला टू-वे टॉप. अशा टॉपसाठी वूफर घेताना खर्जाच्या आकड्याआधी त्याचा 800 ते 1500 हर्ट्झमधला आलेख पाहावा लागतो, कारण कोन एकसंध न हलता होणारी त्याची पहिली थरथर आणि वूफरमधल्या तारेच्या कॉइलच्या इंडक्टन्समुळे (वरच्या स्वरांत विजेला होणाऱ्या अडथळ्यामुळे) होणारी घसरण याच पट्ट्यात दिसू लागते.