जुन्या सायकलला नवे ब्रेक: आधी रिम पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील अनेक घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली उंच, काळी सायकल अजून जपून ठेवलेली असते. तिचा सांगाडा दणकट असतो आणि बेअरिंगमधले छर्रे बदलले की चाकेही हलकी फिरतात. अडते ते ब्रेकपाशी, आणि तेही नेमके इथल्या पावसाळ्यात.

या सायकलीचा ब्रेक वायरवर नव्हे, तर लोखंडी दांड्यांवर चालतो. मूठ दाबली की दांडा वर ओढला जातो आणि त्याच्या टोकाच्या नालासारख्या पट्टीवरची दोन रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या, अंगाला घासतात. क्रोमचा मुलामा दिलेली ती पोलादी रिम गुळगुळीत असल्याने, ओली झाली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर टिकून राहतो, आणि तो पुसला जाईपर्यंत मूठ कितीही आवळली तरी घर्षण फारच थोडे मिळते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ही घट बरीच कमी असते. शिवाय जुन्या रिमच्या कडा गोलसर असल्यामुळे बाजूने चिमटणाऱ्या नव्या ब्रेकला टेकायला सपाट जागाच नसते. म्हणून जुन्या रिमवर महागडा ब्रेक बसवणे म्हणजे, माझ्या मते, पैसे पाण्यात घालणे होय.

रिम बदलायची सुरुवात पुढच्या चाकापासून करावी. ब्रेक लावताच भार पुढे सरकतो आणि हलके झालेले मागचे चाक घसरू लागते. त्यामुळे केवळ मागच्या ब्रेकवर थांबायला, पुढचा ब्रेक चांगला असताना लागेल त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागते. सोयीची गोष्ट अशी की या सायकलींच्या पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) सहसा 32 आणि मागच्याला 40 छिद्रे असतात. 32 छिद्रांची अ‍ॅल्युमिनियम रिम मिळते, 40 छिद्रांची दुर्मीळ. तेव्हा पुढचा हब तसाच ठेवून, योग्य लांबीचे स्पोक (आरे) घेऊन, त्यावर नवी रिम बांधून घ्यावी आणि चाकाची आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, नीट काढून घ्यावी.

आता मोजमाप. जुन्या 28 इंची रिमवर टायर बसतो तो व्यास 635 मिलिमीटर असतो, तर आजच्या 700सी रिमचा 622. म्हणजे नव्या रिमची कड साडेसहा मिलिमीटर खाली जाते. पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी चिमट्याच्या (फोर्कच्या) माथ्यावरील छिद्राच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. लांब हातांचे कॅलिपर, म्हणजे रिमला बाजूने चिमटणारे, ब्रेक साधारण 55 ते 73 मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. अंतर त्याहून जास्त भरले तर हा नाद सोडून ड्रम ब्रेकच्या हबचा विचार करावा. त्याचे घर्षण बंद डब्यात होत असल्याने पावसाचा त्रासही कमी.

ब्रेकची मूठ कॅलिपरसाठीचीच घ्यावी. व्ही-ब्रेकची (चिमट्याच्या दोन्ही पायांवर उभे हात असलेल्या ब्रेकची) मूठ जवळपास दुप्पट वायर ओढते, त्यामुळे ती कॅलिपरला जोडली तर दाब कडक लागतो, पण पकड निम्मीच येते.

हबवरच्या चकतीला पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचा मोह मात्र टाळावा. चिमट्याला ब्रेक बसवायचे कान वेल्ड करून देणारा कुशल कारागीर बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत सहज मिळेल, पण अडचण कौशल्याची नाही. रिम ब्रेकचा भार चिमट्याच्या माथ्यावर, त्याच्या सर्वांत मजबूत भागावर येतो. डिस्कची पकड आसापासून जेमतेम 75 मिलिमीटरवर आणि रस्ता सुमारे 340 मिलिमीटरवर असल्याने रस्त्यावरच्या 200 न्यूटन रोधासाठी डिस्कवर सुमारे 900 न्यूटन बल लागते, आणि ते सगळे एकाच पायाच्या निमुळत्या टोकाला सोसावे लागते. जुना चिमटा त्यासाठी घडवलेलाच नसतो.

बसवताना रबराचे पुढचे टोक रिमला केसभर आधी टेकेल असे ठेवावे, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. रबर टायरला शिवता कामा नये. मग रिमवर तांब्याभर पाणी ओतून, सायकल हाताने ढकलत, मूठ पूर्ण ताकदीने आवळून पाहावी. नवी वायर पहिल्या काही दिवसांत सैल पडते, ती पुन्हा ताणून घ्यावी.