‘स्ट्रॉबेरी क्विक’च्या मेसेजबद्दल खुलासा

पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: शाळेबाहेर स्ट्रॉबेरीच्या वासाचं चॉकलेट म्हणून मुलांना मेथ हा अमली पदार्थ देतात. ही अफवा २००७ सालची, अमेरिकेतली. तिथे रंगीत मेथ सापडलं होतं. मुलांना ते चॉकलेट म्हणून वाटल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

खरी काळजी आहे ती व्हाइटनर, थिनर, पंक्चरच्या सोल्युशनची. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी हुंगायची नशा मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळली. दुप्पट! आणि या वस्तू तर साध्या दुकानांत मिळतात. शाळांनी कृपा करून अशा मुलाच्या हातात दाखला देऊ नये, शाळा तुटली की त्याच्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. पालकांनी १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर बोलावं.