नोकरी गेल्यावर ईएसआयकडून मिळणारी रोख मदत: कोणाला, किती आणि अर्ज कसा

पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाला, कापले जातात, मालक वरून ३.२५ टक्के भरतो, आणि आपल्या डोक्यात ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच असतं. पण नोकरी सुटली तर हेच महामंडळ रोख पैसेही देतं. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत; करोनात, २४ मार्च २०२० पासून, हे प्रमाण ५० टक्के झालं. जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. योजना मुदतीची आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे अर्जाला बसण्याआधी आपल्या शाखा कार्यालयात ती चालू आहे ना, अटी त्याच आहेत ना, एवढं विचारून घ्या.

कोण पात्र?

नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं ईएसआय लागू असलेलं काम हवं. ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेरोजगार होण्याच्या लगेच आधीच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन भागांपैकी कुठल्याही एकात पुन्हा ७८ दिवस. ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन केलं की वर्गणीचा तपशील दिसतो. पगारातून कापले म्हणजे भरलेच, असं धरून चालू नका.

गैरवर्तनावरून काढलं असेल, संप बेकायदा ठरला असेल, मालकाने कारखान्यात टाळेबंदी केली असेल, वयाने निवृत्ती झाली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मदत मिळत नाही. स्वतःहून नोकरी सोडली तरीही नाही. खरी मेख इथेच आहे. माणसं कमी करायची असली की अनेक ठिकाणी एचआर छापील कागद पुढे सरकवतो, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’, आणि सांगतो की सही केलीत तर हिशोब लगेच मिळेल. हिशोब मिळतो, पण सरकारी नोंदीत तुम्ही नोकरी सोडलेली असता. कंपनीच कमी करत असेल तर तसं पत्र मागा. पत्र देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा: अमुक तारखेपासून कामावर येऊ नका असं मला सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही. सही घेण्यासाठी दबाव आणत असतील तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. घरात पैशाची चणचण असताना हे बोलणं सोपं नाही, हे मान्य; पण त्या एका सहीवर तीन महिन्यांची मदत अवलंबून असते.

किती मिळतील?

मागच्या चार भागांतली, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई भागिले ७३०, आणि त्याचं निम्मं. दोन वर्षं दरमहा १८,००० रुपये असतील तर एकूण ४,३२,०००. रोजची सरासरी साधारण ५९२, निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे २६,६०० च्या आसपास. मध्येच नवी नोकरी लागली तर त्या तारखेपर्यंतचेच. या काळात स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचारही चालू राहतात. औषधं नियमित लागणारं कोणी घरात असेल तर मला ही बाजू रोख रकमेपेक्षा मोठी वाटते.

अर्ज आणि कागद

बेरोजगार झाल्यापासून ३० दिवसांनी दावा करता येतो. पूर्वी ९० दिवस थांबावं लागे आणि अर्ज मालकामार्फत जाई. आता तो थेट शाखा कार्यालयाकडे करता येतो. ईएसआयच्या पोर्टलवर बीमित व्यक्ती म्हणून लॉगिन करून दावा भरायचा आणि आधार व बँक खात्याची कागदपत्रं स्कॅन करून जोडायची. स्कॅन जमत नसेल तर भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून, सही करून, आधारची प्रत आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला चेक लावून कार्यालयात द्यायची. पूर्वी लागणारं प्रतिज्ञापत्र नंतर काढून टाकलं गेलं. कामावरून कमी केल्याचं पत्र आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा मात्र सोबत ठेवाच, कारण कार्यालय तुमची माहिती तपासतं. प्रत दिली की पोच घ्या. पैसे थेट खात्यात येतात.

दावे अडकतात ते फुटकळ गोष्टींवर. आधारवर आडनाव एक, ईएसआयच्या नोंदीत दुसरं. आधार जोडलेलंच नाही. खातं बंद पडलेलं. कंत्राटी कामगारांचं आणखी एक: कंत्राटदार बदलला की नवा माणूस जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढून देतो, मग दोन वर्षांची वर्गणी दोन नंबरांत विभागली जाते आणि दोन्हीकडे ती अपुरी दिसते. जुन्या स्लिपा शोधून असे दोन नंबर आहेत का ते बघा आणि असतील तर दावा भरण्याआधीच शाखा कार्यालयाला लेखी कळवा.

कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर छटणी झाली असेल तर ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही विचारा. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे, पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, म्हणून ९० दिवसांच्या योजनेत नाव घालण्याआधी आपण हिच्यात बसतो का ते पाहून घ्यावं.

घरखर्चाचं गणित मांडताना पहिल्या महिन्यात यातलं काहीच येणार नाही असं धरा. दावाच ३० दिवसांनंतर होतो, वर तपासणीचा वेळ. त्या दीड-दोन महिन्यांचं भाडं, किराणा, शाळेची फी शिलकीतून किंवा हिशोबाच्या पैशांतून बाजूला काढा. कर्जाचा हप्ता चुकणार हे दिसत असेल तर तो चुकण्याआधी बँकेत जा. नवी नोकरी लागली की जुनाच विमा क्रमांक द्या आणि रुजू झाल्याची तारीख शाखा कार्यालयाला कळवा.