नॉन-कॉम्पिटचा क्लॉज आणि १८७२ सालचं एक वाक्य

माझ्या मावसभावानं हिंजवडीतली नोकरी सोडली तेव्हा नोटीस पिरियड संपता संपता एचआरनं त्याला त्याचंच अपॉइंटमेंट लेटर उघडून दाखवलं, नोकरी सोडल्यावर वर्षभर कुठल्याही कॉम्पिटिटरकडे जायचं नाही आणि खाली याची सही. पोरगं दोन रात्री झोपलं नाही, घराचा हप्ता चालू, नवीन ऑफर हातात. आपल्याकडे त्या क्लॉजमध्ये कायद्याचा दम जवळपास नसतोच, आणि तो का नसतो हे प्रत्येक नोकरदाराला माहीत असलं पाहिजे.

हे भांडण फार जुनं आहे. १४१४ साली इंग्लंडमध्ये जॉन डायर नावाच्या रंगाऱ्यानं गावात सहा महिने धंदा करणार नाही असं लिहून दिलं होतं, ते प्रकरण कोर्टात आलं तेव्हा जज इतका भडकला की असं लिहून घेणारा समोर असता तर दंड भरेपर्यंत तुरुंगातच टाकला असता म्हणाला. पण पुढे तिथली कोर्टं नरमली, १७११ च्या एका बेकरीच्या खटल्यापासून बंधन वाजवी असेल तर चालेल असं धोरण रुळलं.

आपल्याकडे राज्य इंग्रजांचं, पण अशा बंधनांबद्दलचं आपल्या कायद्यातलं कलम काही इंग्लंडहून आलं नाही. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी एक सिव्हिल कोड लिहिला होता, खुद्द न्यूयॉर्कनं तो घेतलाच नाही, पण त्यातला हा भाग १८७२ मध्ये दोन ठिकाणी कायदा झाला, एक कॅलिफोर्निया आणि दुसरा आपला भारत. आपल्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. वाजवी-अवाजवी हा शब्दच नाही, सूट फक्त धंद्याचं गुडविल, म्हणजे त्याचं नाव आणि पत, विकणाऱ्याच्या बाबतीत. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतल्या इंजिनिअरला आणि पुण्यातल्या इंजिनिअरला आधार एकाच मसुद्याचा!

दोन वर्षांत पहिली मोठी कसोटी लागली. कलकत्त्यात तांब्या-पितळेचं काम करणारे दोन दुकानदार, एक दुसऱ्याला म्हणाला तू या भागातलं दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली उचल, ९०० रुपये, मी भरतो. त्यानं दुकान बंद केलं आणि पैसे काही मिळाले नाहीत. १८७४ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं सांगितलं की बंदी एका भागापुरती असली तरी करारच रद्द, त्यामुळे पैसेही नाहीत. त्या माणसावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं, पण कलमाचा अर्थ तेव्हाच पक्का झाला. १९५८ मध्ये लॉ कमिशननं वाजवी बंधनं चालू द्या असं सुचवलं होतं, संसदेनं कलम बदललं नाही.

मग कंपन्यांना काहीच हक्क नाही का, तर आहे, पण नोकरीचा करार चालू असेपर्यंत. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मधेच सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत ५६० रुपये पगारावर गेला, १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला कराराची मुदत संपेपर्यंत तसलं काम करायला मनाई कायम ठेवली. मुदत संपल्यानंतरचं मात्र वेगळं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं बघा ना, पर्सेप्ट डी'मार्क या एजन्सीशी त्याचा तीन वर्षांचा करार २००३ मध्ये संपला, पण नंतरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला दाखवायची असं त्यात होतं. त्यानं दुसरी एजन्सी धरली, मुंबई हायकोर्टात एका जजनं अडवलं, दोन जजांच्या बेंचनं मोकळं केलं आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही झहीरचीच बाजू उचलून धरली.

एक सांभाळा, कंपनीची गुपितं आणि क्लायंटचा डेटा उचलून नेला तर हे कलम वाचवणार नाही. आणि बाँड वेगळा. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरायची अट सुप्रीम कोर्टानं योग्य ठरवली, कारण त्यात पैसे द्यावे लागतात, दुसरीकडे काम करायला बंदी नाही.

भावाला बाँड नव्हता. त्यानं कलम २७ चा उल्लेख करून चार ओळींचा मेल टाकला, उत्तर काही आलं नाही, तीन आठवड्यांनी रिलिव्हिंग लेटर तेवढं आलं.